मोठ्या आवाजाचा टीव्ही

मी इंदूबाईचं धोपाटणं बोलतंया. हसू नका, धोपाटण्याला बी तोंड असतं. आजवर मी ते नुसतं कपड्यांवर आपटलं, येवढंच.

मी बाभळीचं. इंदूबाईच्या बापानं मला तासून गुळगुळीत केलं आन लगीन झाल्यावर लेकीबरुबर हितं मुळशीत धाडलं. ओढ्यावर मी गोधड्या बडवल्या, सतरंज्या बडवल्या, बायांच्या चहाड्या ऐकल्या. लई मजेचं दिस.

मग तिच्या नवऱ्यानं, दामूनं, रस्त्याकडची जमीन बंगलेवाल्याला इकली. घरात धुण्याचं मशीन आलं, भिंतीयेवढा टीव्ही आला. माझं काम सुटलं. दामूनं मला दुसरं काम लावलं. आधी टीव्हीचा आवाज वाढवायचा, मग मला खुंटीवरनं काढायचं, आन इंदूबाईच्या पाठीत... मला पाय असतं तर मीच पळून गेलं असतं.

शेजारची धोंडाबाई म्हातारी कुंपणावरनं वरडायची, "दामू, तुझ्या टीव्हीपायी माझ्या कोंबड्या अंडी देईनात!" तिला बिचारीला काय ठावं!

गेल्या ऐतवारी दुपारी गौतमीनं समाजमंदिरात पिक्चर लावला. पोरगी हिंजवडीला कंपनीत हाय, गावातल्या बचत गटाचं बी बघती. पिक्चर मारकुट्या नवऱ्यांचा, आन त्यांना कोर्टात खेचणाऱ्या बायांचा. दामू परमुख पाहुणा, गळ्यात हार घालून पुढच्या खुर्चीत. इंदूबाई मागं. मी तिच्या पदराखाली.

पिक्चर संपला. गौतमी म्हणाली, "कसा वाटला, बोला की."

"येवढा मार खाऊन बी त्या बयेची लिपस्टिक हालली न्हाई!" धोंडाबाई म्हणाली. "कंची हाय गं ती? मला बी आण."

सगळ्या खिदळल्या. मग दामू उठला.

"पिक्चर खोटा हाय. शहरात आसंल आसलं. आपल्या गावात कुणाच्या घरातनं बाईचं वरडणं ऐकलंय का कुणी?"

न्हाई, न्हाई, माना हालल्या.

इंदूबाई उभी राह्यली.

"मालक बरुबर बोलत्यात. पिक्चर खोटाच हाय," ती म्हणाली. "त्यातल्या बाईचं वरडणं शेजाऱ्यांना ऐकू जातंय. आमच्यात आधी टीव्ही मोठा करत्यात."

आन पुढं जाऊन तिनं मला टेबलावर ठिवलं. दामूच्या म्होरं.



"आगं बया," धोंडाबाई पुटपुटली, "आन मी कोंबड्यांचं सांगत बसली व्हती."

दामू दात चावून म्हणाला, "घरी चल."

"न्हाई. मी पौडला, पोलिसात चालली. कोण येतंय?"

धोंडाबाई चपला हुडकायला लागली. "गौतमे, गाडी काढ तुझी. आन दामू, त्यो हार वाया घालवू नगं. घरी जाऊन टीव्हीला घाल."

आता मी पौडच्या ठाण्यात, कपाटात, फडक्यात बांधलेलं हाय. इंदूबाई धोंडाबाईच्या घरात राहती. भावकी येऊन बसली, तक्रार मागं घे म्हणाली. तिनं चहा पाजला आन न्हाई म्हणाली.

माझं काय, केसचा निकाल लागला की मला ओढ्यावर न्या. गोधडीवर आपटा, हाडं मोकळी व्हतील. आन येवढं करा. शेजारचा टीव्ही येकायेकी मोठा झाला, तर कुंपणावरनं कोंबड्यांचं गाऱ्हाणं सांगू नका.

दार वाजवा.