ओळीतला श्वास

आमच्या ह्यांना दमा होता. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगितली की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मी कुणाची चहाडी करतेय.

ज्या गाण्यानं हे घराघरांत पोचले, त्यात एक ओळ होती, 'येशील तेव्हा दार उघडेच असेल.' हे गायले, 'येशील तेव्हा दार...' आणि थांबले. मग, '...उघडेच असेल.' त्या दिवशी छाती भरून आली होती, दम पुरला नाही, इतकंच. हे बिचारे म्हणाले, पुन्हा घेऊ या. संगीतकार खुर्चीतून उडालाच. "खबरदार! हे सोनं आहे, याला कुणी हात लावायचा नाही." सिनेमा चालला, गाणं त्याहून जास्त चाललं. एका विद्वानानं लिहिलं की त्या थांबण्यात सगळ्या विरहाचं सार आहे. मी ते वाचलं तेव्हा ह्यांच्या वाफेसाठी पाणी तापवत होते.

मग काय, जो तो थांबायला लागला. शाळेतली पोरं थांबायची, हॉटेलात गाणारे थांबायचे. त्यातलाच एक जण हुबेहूब ह्यांच्यासारखा गायचा. स्टुडिओत त्याला सगळे झेरॉक्स म्हणायचे आणि तोही हसून ओ द्यायचा. आमच्याकडे यायचा, ह्यांच्या पेटीजवळ मांडी ठोकून बसायचा, मला काकू काकू करायचा. मला त्याचा कधी राग आला नाही. गुणी होता, आणि जेवायला वाढलं की नाकं मुरडायचा नाही.

पुढे एक नवी डॉक्टरीण भेटली. तिनं ह्यांना तोंडात मारायचा पंप दिला, आणि दरडावून सांगितलं की बरं वाटलं तरी सोडायचा नाही. हळूहळू छातीतली शिट्टी थांबली. एकदा तर जिन्यात मीच मागे राहिले आणि हे वरून ओरडले, "काय म्हातारे, हात देऊ का?" मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडले. मला आयुष्यात तेवढंच हवं होतं. गाणं गेलं खड्ड्यात.

आणि ते गेलंच. पुढच्या सिनेमातही तसलीच ओळ होती. ह्यांनी ती एका दमात, तेलाच्या धारेसारखी गायली. संगीतकार मान खाजवत म्हणाला, "साहेब, आज ते येत नाहीये." मग हे मुद्दाम थांबून गायले. ते थांबणं ऐकवेना, नाटकात संवाद विसरल्यासारखं वाटलं. शेवटी संगीतकारानं झेरॉक्सचं रेकॉर्डिंग लावलं. "रागावू नका, पण असं हवंय." हे घरी आले आणि चपला काढता काढता हसत म्हणाले, "मला माझ्यासारखं गाता येत नाही म्हणे." मीही हसले. काय करणार, हसण्यासारखंच होतं. त्या सिनेमातली गाणी झेरॉक्सला मिळाली. तो सांगायला आला तेव्हा त्याची मान वर होत नव्हती. ह्यांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली.

काही दिवसांनी छातीतली शिट्टी परत ऐकू यायला लागली. मी विचारलं तर म्हणाले, हवा बदललीय. मी खनपटीलाच बसले, तेव्हा कबूल झाले.

"पंप बंद केलाय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"अगं, माझ्याच घराच्या दारात मला उभं करून विचारतायत, हे घर तुमचं कशावरून? एकदा दाखवू दे त्यांना. एकच गाणं. मग तू म्हणशील तसं."

"आणि तुम्हाला काही झालं तर? मी काय त्या गाण्याबरोबर संसार करू?"

ह्यांनी माझा हात हातात घेतला. मी भांडले, अबोला धरला, पंप घेऊन लहान मुलाच्या मागे फिरावं तशी घरभर फिरले. ऐकतील तर शपथ. डॉक्टरणीला फोन केला, तिनं समजावलं, ह्यांनी तिला "हो, हो" म्हटलं आणि पंप खिडकीत ठेवून दिला.

ह्यांनी संगीतकाराकडून मागून घेतलेल्या त्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला मी हट्टानं बरोबर गेले. पंप पर्समध्ये होता. मला काचेच्या अलीकडे, संगीतकाराच्या मागे बसवलं. हे पलीकडे, कानांवर हेडफोन, एक हात स्टँडवर. स्टँड धरून कधी गायचे नाहीत. पहिल्या कडव्यात ते थांबले आणि संगीतकारानं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कडव्यात थांबले तेव्हा तो शेजारच्याला कुजबुजला, "आला बघ माणूस परत." सगळ्यांचे चेहरे उजळले होते. शेवटच्या ओळीला हे थांबले. जरा जास्तच थांबले. संगीतकारानं अंगठा वर केला. मला ह्यांचे खांदे दिसत होते. ते कानापर्यंत वर चढले होते आणि खाली येत नव्हते.

मी उठले. दारातला माणूस म्हणाला, "बाई, लाल दिवा आहे, टेक चालू आहे." मी त्याला ढकललं, ते जड दार उघडलं आणि ओरडले, "अहो!"

पंप तोंडाशी धरला, पण तो आत ओढायलाही श्वास लागतो. हॉस्पिटलच्या वाटेवरच हे गेले. माझ्या मांडीवर डोकं होतं.

सिनेमात तोच टेक घेतला. मला विचारायला आले तेव्हा मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. माझी हाक तेवढी कापली. मी दार उघडेपर्यंतची सगळी शांतता त्यांनी ठेवली, आणि तिथेच गाणं संपवलं. लोक म्हणतात, असा शेवट आजवर कुणी केला नाही.

परवा झेरॉक्स आला. ह्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात त्याला ते गाणं म्हणायचंय. चाचरत म्हणाला, "काकू, शेवटचं थांबणं मला साधत नाही. काका मनात काय धरायचे?"

मी त्याला सगळं सांगितलं. दमा, पंप, खांदे, माझी हाक. तो पांढराफटक पडला. "मी इतकी वर्षं त्यांचा आजार गात होतो?"

मी म्हटलं, "आता माझ्यासाठी एकदा म्हण. जुनी ओळ. एका दमात."

तो सरळ बसला. छाती भरून घेतली, धडधाकट, तरुण छाती. 'येशील तेव्हा दार...' आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्यांदा तर त्यानं डोळे घट्ट मिटले होते, मुठी आवळल्या होत्या. तरी नाही. पुढचा शब्द येईना, आणि गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "श्वास घे रे," मी म्हणत होते, "तुला येतो ना, मग घे."