न बसणारं कार्ड

लिफ्टवाल्याला फोनवर बोलता यायचं नाही. म्हणजे माणूस मुखदुर्बळ होता अशातला भाग नाही. लिफ्टच्या मशीन रूममध्ये हाताखालच्या दोघांना तो दिवसभर फैलावर घ्यायचा, इमारतीचे सेक्रेटरी तावातावाने भांडायला आले तर त्यांना दोन वाक्यांत गार करून परत पाठवायचा. पण फोन कानाला लागला की गडी ढिम्म. एकुलती एक लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तिथेच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या नोकरीला लागली, आणि इतक्या वर्षांत बापलेकीचं फोनवरचं बोलणं काही बदललं नाही. "बरी आहेस ना?" "हो." "जेवलीस?" "हो." "बरं, थांब हां, आईला देतो." मग मायलेकी तासभर. एवढं काय बोलायच्या कुणास ठाऊक. तो शेजारी पेपर उघडून बसायचा, बायकोचं हसणं ऐकायचा, फोनमधून झिरपणारं लेकीचं हसणं ऐकायचा, आणि त्याला वाटायचं की आपलंही बोलून झालं.

मग बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. लेक महिनाभर येऊन राहिली आणि परत नोकरीवर गेली. दर रविवारी सकाळी अकराला, आईच्या ठरलेल्या वेळेला, तिचा फोन यायचा. दोन प्रश्न विचारून झाले की पुढचं वाक्य सवयीने त्याच्या ओठांवर यायचं आणि तो ते कसंबसं गिळायचा. "बरं मग, ठेवतो." दोन मिनिटांत कारभार आटोपायचा. अशी तीन वर्षं गेली.

आणि एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, एक विचारू? मला गेम खेळायला चांगला कॉम्प्युटर घ्यायचाय. रेडीमेड घेऊ, की पार्ट आणून जोडू? दुकानात जाते तर जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो."

गेम म्हणजे काय आणि कॉम्प्युटर कशाशी खातात, याचा लिफ्टवाल्याला पत्ता नव्हता. पण 'जोडू' हा शब्द कानावर पडला आणि त्याला तीन वर्षांत पहिल्यांदा बोलावंसं वाटलं. "रेडीमेडच्या पोटात काय भरलंय ते कुणी बघितलंय? बाहेरून चकचकीत आणि आत बोंब. जोडूया की. मी बघतो." त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. ठेवल्यावर तो बराच वेळ खुर्चीतच बसून राहिला, इतकं त्याला बरं वाटत होतं.

'बघतो' म्हणून तर बसला, आता बघणं आलं. ज्या इमारतींच्या लिफ्ट तो सांभाळायचा, त्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तो तिथे जाऊन बसायला लागला. कॉम्प्युटरवाला आधी हसला. "काका, या वयात गेम खेळणार?" मग त्याने माणसाची चिकाटी बघितली आणि मुकाट्याने शिकवायला लागला. मदरबोर्ड म्हणजे काय, प्रोसेसर कसा बसवायचा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेममधली चित्रं काढणारा भाग आणि सगळ्यात जास्त तोच तापतो. वीज आणि उष्णता तर लिफ्टवाल्याच्या घरचीच. दोन महिन्यांत तो असा तयार झाला की रविवारी लेकच गप्प बसून ऐकायची.

"हा पॉवर सप्लाय नको," तो म्हणायचा. "काठोकाठ आहे. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये आठच चढतात का कधी?"

"नाही, दहा चढतात आणि तुम्हाला शिव्या घालतात," ती म्हणायची आणि हसायची. तेच ते हसणं, जे पेपरच्या आडून ऐकलं होतं. आता ते सरळ त्याच्या कानात यायचं. फोन तासावर जायला लागला. मधेच ती दुकानातल्या गमती सांगायची. एक आजोबा शेजारीण नीट दिसावी म्हणून नवा चष्मा करून घेऊन गेले, असलं काहीबाही. सोमवारपासून तो रविवारची वाट बघायचा. कामावरचे दोघे म्हणायला लागले की साहेब हल्ली ओरडत नाहीत, तब्येत बरी आहे ना.

पण यादी म्हटली की ती कधी ना कधी संपणारच. पाचव्या महिन्यात सगळं ठरलं, आणि उरलं फक्त कार्ड आणि हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट. लेकीने एक पांढरं कॅबिनेट पसंत केलं होतं, एका बाजूला काच असलेलं, आणि कार्डही तिने ठरवलं होतं. "कार्ड लांब आहे बाबा. आत बसेल ना? तेवढं तुम्ही बघाल?"

तेच कॅबिनेट त्याच्याही गावात एका दुकानात होतं. शनिवारी तो गेला, खिशातली स्टीलची टेप काढली आणि आतली जागा मोजली. सदतीस सेंटिमीटर. कार्ड बत्तीसचं. ऐसपैस बसत होतं. उद्या 'मागव' म्हटलं की सगळं सामान येणार, कॉम्प्युटर उभा राहणार आणि विषय संपणार. मग पुढच्या रविवारी काय? "बरी आहेस ना, जेवलीस, बरं ठेवतो." दुकानातून घरी येईपर्यंत त्याला दुसरं काही सुचेना.

रविवारी तो म्हणाला, "आतली जागा एकतीस भरली. कार्ड बसत नाही."

लेकीने विचारलं, "नक्की?"

"टेप लावून मोजलंय."

त्यावर कोण काय बोलणार? लिफ्टच्या कामात एक सूत चुकलं तर दार घासतं, आणि सत्तावीस वर्षांत त्याचं एकही दार घासलेलं नव्हतं. हे लेकीला लहानपणापासून माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "मग रेडीमेडच घेऊन टाकू का? दोन दिवसांत घरी येतो."

"अगं, एवढं केलं आणि आता रेडीमेड? आखूड कार्ड येतंय म्हणतात बाजारात. थोडी कळ काढ."

तिने कळ काढली. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. दर रविवारी त्याच्याकडे एक नवं खुसपट तयार असायचं. हा पंखा आवाज करतो, तो बोर्ड जुना होणार, कॉम्प्युटरवाला म्हणतो अजून थांबा. कॉम्प्युटरवाला बिचारा असलं काहीच म्हणत नव्हता. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. लेकीचं हसणं कमी झालं होतं, पण फोन चालू होता, आणि त्याला तेवढं पुरत होतं. आठ महिन्यांत त्याने तिला वॉट विचारले, रंग विचारला, टेबलाची उंची विचारली, भिंतीतला प्लग कुठे आहे तेसुद्धा विचारलं. एक गोष्ट मात्र या शहाण्याने कधीच विचारली नाही.

एका रविवारी ती म्हणाली, "मी सगळं मागवलंय बाबा. तेच कॅबिनेट, तेच कार्ड. नाही बसलं तर कार्ड बदलून आणू. पुढच्या शनिवारी याल का जोडायला?"

नाही कसं म्हणणार? तो गेला. लेकीची खोली तो पहिल्यांदाच बघत होता. खिडकीपाशी टेबल, पलंगाखाली सामानाचे खोके, आणि भिंतीवर आईचा एक छोटा फोटो, तिच्याच ओढणीच्या तुकड्यात मढवलेला. दोघं जमिनीवर बसले. तो सांगत होता, ती स्क्रू पुढे करत होती. प्रोसेसर बसला, पंखा बसला, बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला. त्याचे हात कसे सराईत चालत होते, आणि ते बघायला आज बायको हवी होती असं त्याला सारखं वाटत होतं. त्या भरात, बोलायला काहीतरी हवं म्हणून त्याने विचारलं, "काय गं, खेळणार काय आहेस यावर?"

लेक हातातल्या स्क्रूकडे बघत राहिली.

"आता बघेन काहीतरी. एक गेम होता, दोघांनी मिळून खेळायचा. एक बेट असतं, त्यावर दोघांनी घर बांधायचं. कॉलेजमधला एक मित्र होता बाबा. आईला माहीत होता तो. परदेशात नोकरी लागली त्याला. रोज संध्याकाळी तासभर तिथे भेटायचं असं ठरलं होतं आमचं. माझ्या लॅपटॉपवर तो गेम चालतच नव्हता, म्हणून तर हे सगळं."

"मग?"

"मग काही नाही. रोज विचारायचा, आला का कॉम्प्युटर. नंतर आठवड्याने विचारायला लागला. मग विचारायचा बंदच झाला. ते घर त्याने दुसरीबरोबर बांधलं. आता नुसत्या गेमपुरतं राहिलेलं नाही ते." तिने स्क्रू डबीत टाकला. "गेल्या महिन्यात सांगितलं त्याने. सरळ माणूस आहे, लपवलं नाही."

लिफ्टवाल्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "मग आता कशाला मागवलंस गं हे सगळं?"

"आठ महिने खपलात तुम्ही. डबा हातात घेऊन शिकलात. ते वाया घालवायचं?" ती त्याच्याकडे बघून थोडंसं हसली. "कार्ड बसत नव्हतं त्याला तुम्ही तरी काय करणार? द्या, लावून बघू. नाहीच बसलं तर सोमवारी बदलून आणते."

कार्ड त्याच्या हातात होतं. दोन क्षण त्याच्या मनात आलं की सांगावं, खाचेचा पत्रा वाकडा आहे, घाई नको, सोमवारी कार्ड बदलूनच आण. लेकीने निमूट ऐकलं असतं. पण त्या फोटोसमोर बसून अजून एक थाप मारायचं त्याच्याने होईना. त्याने कार्ड खाचेवर धरलं आणि अंगठ्याने दाबलं. कट् असा आवाज होऊन ते बसलं. पुढे तीन बोटं जागा मोकळी राहिली.

लेकीने हात पुढे केला, त्याच्या शर्टाच्या खिशातली टेप काढली, आत लावली आणि आकडा वाचला.

"सदतीस." टेप परत आत गेली. "तुमचं माप कधी चुकत नाही बाबा."

"नाही चुकत."

"मग?"

त्याला मान वर करवेना. "त्या दिवशी कार्ड ठरलं असतं तर सगळंच ठरलं असतं. मग तू फोन कशाला केला असतास मला? मला दुसरं काय बोलता येतं?"

ती रडेल असं त्याला वाटलं, किंवा चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही करायचा होता फोन. आई गेल्यापासून तुम्ही एकदाही आपणहून मला फोन केलेला नाही. एकदाही नाही."

उरलेल्या वायरी त्याने एकट्याने जोडल्या. बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात चालू झाला, पंखे फिरले, काचेतून निळा उजेड पडला. कुठे घरघर नाही, कुठे थरथर नाही. आयुष्यात इतकं नीट काम त्याने क्वचितच केलं असेल. "चालू झाला," लेक म्हणाली आणि चहा टाकायला उठली. संध्याकाळच्या बसने तो परत आला. स्टँडवर तिने त्याला वाकून नमस्कार केला, पाण्याची बाटली दिली, सगळं रीतसर केलं.

पुढच्या रविवारी अकरा वाजले. फोन वाजला नाही. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. लिफ्टवाला घरात येरझाऱ्या घालत होता. काय बोलायचं ते त्याने सकाळपासून मनात घोकून ठेवलं होतं. चुकलो म्हणायचं, मी तुझं वाटोळं केलं म्हणायचं, तुझ्या आईला हे कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं असं म्हणायचं. शेवटी पावणेबाराला त्याने आपल्या हाताने तिचा नंबर लावला. तीन वर्षं आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

बऱ्याच वेळाने तिने उचलला. "बोला बाबा."

"बरी आहेस ना?"

"हो."

"जेवलीस?"

"हो, आत्ताच."

"खेळलीस का त्याच्यावर?"

"थोडं. एकटीच."

तो थांबला. घोकलेलं सगळं घशापर्यंत आलं होतं, एक शब्द बाहेर पडेना. पलीकडे लेक वाट बघत होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर ती ठेवून देईल. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं, थांब हां, आईला देतो."

काय बोललो ते त्याला उशिरा कळलं. मग लेकीचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा.

"द्या."

त्याने फोन कानापासून काढला आणि शेजारच्या, बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे धरला. हात भरून आला तरी तो तसाच धरून बसला.