अर्ध्या अंशाची पाचर

श्रीरंग टिकेकरांनी विमानाच्या वरच्या पंखाखालची पुठ्ठ्याची पाचर काढली, आणि त्याच संध्याकाळपासून त्यांच्या बायकोला, कुमुदला, वळता येईनासं झालं. भाजी घेऊन निघालेली ती घर ओलांडून सरळ पुढे गेली. शोधत गेलेल्या टिकेकरांना ती डेअरीच्या भिंतीशी सापडली. नाक भिंतीला टेकलेलं होतं आणि पाय जागच्या जागी चालत होते.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “फिरवा मला जरा.”

त्यांनी खांदे धरून तिला घराच्या दिशेला लावलं.

आता पाचर काढली यात टिकेकरांचं काय चुकलं? एकावर एक दोन पंख असलेलं, रिमोटवर उडणारं ते छोटं विमान त्यांनी दोन वर्षं खपून बनवलं होतं, आणि रविवारी कसरतींची स्पर्धा होती. पाचरीमुळे वरचा पंख अर्धा अंश चढा बसे. वेग वाढला की विमान आपोआप नाक वर करी, आणि उलटं उडवलं की जमिनीकडे ओढ घेई. या खेळात केस पांढरे झालेले मुजावर मास्तर म्हणाले होते, “सगळे कोन शून्यावर आणा, टिकेकर. मग सोडाल तिकडं जाईल. फक्त आपणहून माघारी वळायचं नाही ते, सांगून ठेवतो.”

गुरुवारी त्यांनी शेपटीचाही कोन शून्यावर आणला. शुक्रवारी कुमुद स्वयंपाकघराच्या छताला पाय टेकवून, उलटी उभी राहून पोळ्या लाटत होती. पीठ सांडत नव्हतं.

“ती पाचर परत बसवा की हो,” ती वरून म्हणाली. “मला भीती वाटते.”

“रविवार तेवढा होऊ दे.”

म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण हौसेपुढे माणूस आंधळा, त्यात टिकेकर जन्माचे हट्टी.

रविवारी जुन्या धावपट्टीवर त्यांचं विमान उलटं होऊन गेलं. त्यांनी रिमोटवरचे दोन्ही अंगठे उचलले, तरी ते आपल्या रेषेवरून तसूभर ढळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिकेकरांनी कौतुकानं मागे पाहिलं, तर कुमुद तिथे नव्हती. डबा हातात घेऊन ती धावपट्टीच्या टोकापलीकडे चालत निघाली होती. पुढे नुसता माळ होता. त्या माळावर एकही भिंत नव्हती.

त्यांनी विमान कसंबसं उतरवलं. पंखाचे स्क्रू सैल केले, खिशातली पाचर खाली सरकवली आणि स्क्रू आवळले. लांबवर कुमुदचा ठिपका थांबला. वळला. टिकेकरांचा जीव भांड्यात पडला.

कुमुद परत येत होती. आनंदानं झपझप पावलं टाकत होती. मग त्यांच्या लक्षात आलं, की तिच्या पायांखाली धूळ उडत नाहीये. ती जमिनीपासून वीतभर वर होती. मग हातभर.

“कुमुद! हळू!” ते रडवेल्या आवाजात ओरडले. “हळू चाल!”

नवरा हाका मारतोय एवढंच तिला ऐकू गेलं. ती धावू लागली.

त्यांनी दोन्ही हात वर केले. तिच्या चपलांचे तळ त्यांच्या बोटांच्या चार अंगुळं वरून गेले.

“आले हो,” ती म्हणत होती, “आले, आले.”