पाळीचं फडकं

ओढ्याच्या काठी, चाकघरासमोर एक खांब होता, आणि सगळ्या गावाचं शहाणपण त्या खांबावर फडकत असे.

वरून पाइपातून सुटलेलं पाणी चाकावर आदळे, चाक फिरे, वीज होई. घराघरातले दिवे तिच्यावर सुखाने जळत. पण यंत्र लावायचं तर एका वेळी एकच. दोन लावली की दिवे मलूल होत आणि चाक चढावरच्या म्हाताऱ्यासारखं धापा टाकू लागे. म्हणून गावाने रीत घालून घेतली होती. ज्याची पाळी त्याचं फडकं खांबावर. काम संपलं की ज्याचं त्याने उतरवायचं. वाऱ्याने पडलं तर पाळी गेली, रडायचं नाही. आणि दुसऱ्याच्या फडक्याला हात लावायचा नाही, काय वाट्टेल ते होवो.

थोरलीचं फडकं तांबडं. ती लोकर पिंजायची. धाकटीचं पिवळं. ती जर्दाळू वाळवायची. दोघी सख्ख्या जावा, एकाच घराला मधोमध भिंत घालून अल्याड-पल्याड राहणाऱ्या.

त्या दिवशी खांबावर तांबडं फडकं होतं आणि थोरलीची लोकर केव्हाच पिंजून झाली होती.

तिने यंत्र बंद केलं, वर घोंगडी टाकली आणि भिंतीला टेकून बसली. पलीकडे बायका जर्दाळू चिरत होत्या. सुरीचा आवाज, बिया पातेल्यात पडल्याचा आवाज, आणि हसू. सुरी चालते तेवढी चालते, पण हसण्याला काही पाळी नसते. कुणीतरी काहीतरी बोलायची आणि घागर कलंडावी तसं सगळं हसू भिंतीवरून तिच्या अंगावर यायचं.

हे हसू एकेकाळी तिच्या ओट्यावरचं होतं. यंत्र आलं नव्हतं, ती पिंजायच्या धनुकलीच्या तातीवर लोकर उडवायची, तेव्हा गावातल्या बायका आपापलं गाठोडं घेऊन तिच्यापाशीच यायच्या. लोकर पिंजून होईपर्यंत बसायच्या आणि झाल्यावरही बसायच्या. तिने ओवी घातली होती, ती साऱ्यांच्या तोंडी झाली होती:

थोरलीच्या हाती गं, लोकरीचा झाला ढग
ढगाच्या उबेखाली, निजलं गं सारं जग

मग यंत्र आलं. काम पटापट होऊ लागलं. बायका गाठोडं टाकून जात आणि संध्याकाळी घेऊन जात. यंत्राच्या घरघरीत ओवी कुणाला ऐकू येणार? धाकटीची वाळवणाची खोली मात्र मुकी होती. गरम हवेचा पंखा मांजरासारखा गुरगुरायचा तेवढाच. तिथे गाणं रंगायचं. आणि गाणं कुठलं, तर हिचंच. फक्त धाकटीने त्याला नवं लुगडं नेसवलं होतं:

धाकटीच्या हाती गं, जर्दाळूचं झालं सोनं
सोन्याच्या वासानं गं, घरी आलं सांगा कोण?

"कोण गं कोण?" बायका एका सुरात विचारायच्या. मग पुरुषाचं एक खोल, लाजलेलं हसू यायचं. धाकटीचा नवरा तिथेच कुठेतरी ट्रे उचलत असायचा.

त्या हसण्याने थोरलीचे दात शिवशिवायचे, कच्चं आंबट खाल्ल्यासारखे.

दोघींचे नवरे, दोघे भाऊ, खालच्या शहरात एकाच इमारतीवर राखणदार होते. जर्दाळूला गिऱ्हाईक मिळालं, ड्रायरवर दोन माणसांचं काम निघालं, तसा धाकटा गाठोडं बांधून वर आला. थोरला खालीच राहिला. पिंजणाला एकच माणूस पुरतं आणि ते माणूस थोरली होती.

दारात पावलं वाजली. धाकटी. हाताला पिवळा रस, कपाळावर घाम.

"जाऊबाई, झालं का हो पिंजून?"

"व्हायचंय."

"पण यंत्राचा आवाज नाही आला मघापासून."

"पट्टा घसरलाय. चढवतेय." थोरलीच्या हातात पट्टा नव्हता. हात आपोआप पदराखाली गेले.

"अगोबाई! यांना पाठवू का? चुटकीसरशी चढवतील."

यांना. थोरली भिंतीकडे बघत म्हणाली, "नको. माझ्या पट्ट्याला परक्या हाताची सवय नाही."

"परके कसले, दीर ना तुमचे?" धाकटी हसली, पण तिचे डोळे आभाळाकडे होते. चार दिस झाले ऊन नव्हतं. उन्हात टाकलेला माल मऊ पडला होता आणि ड्रायरमध्ये गेला नाही तर आजच आंबणार होता. उद्या दुपारी माल न्यायला जीप येणार होती. आजवरची सगळ्यात मोठी मागणी होती ती, आणि चिरायला बसलेल्या प्रत्येक बाईचा त्यात वाटा होता. "जरा लवकर बघा हं, जाऊबाई. फोडी वाट बघतायत."

"फोडींना कसली घाई? झाडावरून पडल्या, आता अजून कुठे जायचंय त्यांना?"

धाकटी गेली. थोरली घोंगडीकडे बघत बसली. मनात म्हणाली, एक दिवस. एक दिवस भिंतीपलीकडे शांत बसू देत. जीप रिकामी गेली तर काय आभाळ कोसळतं? तिला पुढचं दिसत होतंच. माल आंबेल, गिऱ्हाईक जाईल, धाकटा पुन्हा गाठोडं बांधेल. ते तिला दिसलं आणि, देवा, बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. पण ती काही उठली नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानातून साफ निसटली होती.

पाणी कुणासाठी थांबत नाही. वीज कुणी वापरली नाही तर चाक मोकाट सुटेल आणि मोडून पडेल, म्हणून उरलेली सगळी वीज चाकघरातल्या मोठ्या पिंपात जाई. त्यात हीटर होता. खांब रिकामा असला की पिंपातलं पाणी तापे, उकळे, धुराड्यातून वाफ निघे, आणि त्याकडे कुणी मान वर करून बघतही नसे. पण फडकंही वर आणि वाफही वर, असं गावाने कधी पाहिलं नव्हतं. थोरलीने आयुष्यात पाळी फुकट घालवली नव्हती. तिच्या फडक्याखाली पिंप नेहमी कोमटच असायचं. ते उकळतं हे तिला ठाऊक होतं, पण आपल्या फडक्याखालीही उकळेल हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"अरे, पाळी कुणाची आहे?" चाकवाल्या बाबांचा आवाज ओढ्याकडून आला. चाकाची राखण करून करून त्यांचा आवाजही चाकाइतका मोठा झाला होता. "फडकं तांबडं आणि पिंप उकळतंय! थोरले, झोप लागली का गं?"

भिंतीपलीकडच्या सुऱ्या थांबल्या.

थोरली बाहेर आली. सगळा गाव दारात उभा होता. चाकघराच्या धुराड्यातून पांढरीशुभ्र वाफ वर चढत होती. वारा पडलेला, त्यामुळे ती सरळ, उंच, डोंगराच्याही वर. मनातली गोष्ट अशी आभाळभर मांडून ठेवलेली, आणि आता पदराखाली काय झाकणार? वाफेखाली तिचं तांबडं फडकं लोंबत होतं.

बायकांतली एक पुटपुटली, "पट्टा घसरला म्हणे." दुसरी म्हणाली, "घसरला खरा. पण यंत्राचाच की आणखी कशाचा?"

थोरली खाली मान घालून चाकघराकडे निघाली. मागून धाकटीची पावलं. खांबाशी पोचल्यावर थोरलीने गाठ सोडली. तिने सकाळी दोनदा आवळलेली ती गाठ, सुटता सुटेना. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. हात पुढे केला नाही. रीत होती.

गाठ सुटली तशी धाकटी म्हणाली, "माझं काय चुकलं, ते तरी सांगा."

"काही नाही."

"गाणं घेतलं म्हणून?"

"गाणं काय, वाऱ्याचं असतं."

"मग काय? सांगा ना! तुम्हाला माहितेय, मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या ओट्यावर सगळ्या हसायच्या आणि मी आत चुलीपाशी. तुम्ही म्हणायचात, धाकटे, पाणी आण, धाकटे, लाकडं आण. ये, बस, असं एकदाही नाही म्हणालात. धुरात डोळे पुसायचे आणि ऐकायचे मी. धुरानेच यायचं पाणी, असं समजायचे."

थोरलीने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. जावेच्या तोंडून आपलंच दुखणं ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुझ्या उंबऱ्याशी बूट असतात," ती शेवटी म्हणाली. आवाज पिंपातून आल्यासारखा. "रोज. चिखलाचे. मला तेवढे दिसतात."

धाकटीने वळून आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं. थोरल्याचे बूट खालच्या शहरात होते, हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे थोरलीला कळलं.

"तुझं फडकं बांध," थोरली म्हणाली. "उभी काय राहिलीस?"

"आता बांधून सगळा माल थोडाच होतोय? अर्धा दिवस गेला. अर्धा माल आंबणार."

थोरलीने चाकघराकडे पाहिलं. मग पदर खोचला. "पिंपाचं झाकण लावा म्हणावं बाबांना. घट्ट. पिंपावर माझ्या लोकरीची फळी आहे ना, पावसाळ्यात तिच्यावरच वाळवते मी. झाकण लावलं की वाफ नाही, नुसती ऊब. रात्रभर टिकते. ट्रे आणा. आणि धुतलेलं धोतर आण अंथरायला, नाहीतर तुझं गिऱ्हाईक म्हणेल, हे जर्दाळू कुठल्या मेंढीने घातले?"

धाकटीला हसायचं नव्हतं. पण हसू आलं.

संध्याकाळपर्यंत निम्मे ट्रे ड्रायरमध्ये होते आणि निम्मे पिंपाच्या उबेत. थोरलीने स्वतः फोडी उलटवल्या. बायका तिच्याशी जपून बोलत होत्या आणि तिच्या पाठीमागे जपून बोलत नव्हत्या. ते तिला ऐकू येत होतं. धाकटा ट्रे घेऊन आला, "वहिनी" म्हणाला, आणि तिने त्याच्या बुटांकडे न बघता ट्रे घेतला. गाणं कुणी म्हटलं नाही.

सकाळी वारा सुटला. ढग फाटले, पण ऊन अजून कोवळं होतं आणि ड्रायरमध्ये शेवटची खेप व्हायची होती. खांबावर पिवळं फडकं फडफडत होतं. थोरली ओढ्यावर हंडा भरायला आली आणि थबकली.

धाकटीने घाईत गाठ मारली होती. एक पदर सुटून वाऱ्यावर नाचत होता, दुसरा सुटायच्या बेतात. आणखी एक जोराची झुळूक, आणि फडकं ओढ्यात. पडलं की पाळी गेली, रडायचं नाही. आणि पुढची पाळी थोरलीची होती. घरी लोकरीची गाठोडी ताटकळत होती. तिला काहीसुद्धा करावं लागणार नव्हतं. हंडा भरायचा आणि घरी जायचं.

घराकडून हसू आलं. त्यात ते एक खोल हसूही होतं. तिचे दात शिवशिवले, कालच्याइतकेच. काडीचाही कमी नाही.

ती हंडा खाली ठेवून खांबापाशी गेली.

"या पोरीला गाठ म्हणून मारता येत नाही," ती फडक्याशीच भांडली. "आईने काय शिकवलं कोण जाणे. मी तरी काय शिकवलं? पाणी आणायला." तिने दोन्ही पदर ओढले, गाठ मारली, आणि वर आणखी एक मारली, तिच्या स्वतःच्या फडक्याला मारायची तशी.

चाकघराच्या दारातून बाबा बघत होते. "थोरले! दुसऱ्याच्या फडक्याला हात?"

"तुमचं चाक बघा, बाबा."

"रीत मोडलीस."

"मग सांगा गावभर. कालच्यापेक्षा बरी बातमी आहे."

तिने हंडा भरला, डोईवर घेतला आणि चढ चढू लागली. वाटेत तिला कळलं की आपण ओवी गुणगुणतोय, आणि ती धाकटीच्या शब्दांत. ती चिडली. पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केली, स्वतःच्या.