डाग न दाखवणारा दगड

मी एक जुना नमुना आहे, मित्रांनो. दगडाचा नमुना. ताटाएवढा चौकोनी तुकडा आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तुम्ही म्हणाल, दगडाला कसलं आलंय आयुष्य? पण किती तरी घरांतले स्वयंपाकाचे ओटे माझ्याच शिफारशीवर बसले आहेत. ही बढाई नव्हे. बरं, थोडीशी आहे.

माझा जन्म डोंगराच्या पोटात झाला. यंत्रांनी डोंगर कापला, त्याच्या मोठाल्या लाद्या केल्या आणि त्यांतली एक लादी एका दुकानात आली. तिथून ती एका घरी ओटा म्हणून गेली. ओट्यात सिंक बसवण्यासाठी मधोमध एक चौकोन कापावा लागतो. तो कापलेला चौकोन म्हणजे मी. माझी सगळी भावंडं त्या घरात राहिली आणि मी एकटा दुकानात परत आलो. फेकून द्यायचं सोडून दुकानदाराने मला घासूनपुसून फळीवर ठेवलं.

माझा रंग करडा. त्यात पांढरे, काळे आणि तपकिरी ठिपके अगदी दाटीवाटीने बसलेले आहेत. दुकानदार चहाच्या पत्तीची चिमूट माझ्यावर टाकायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "शोधून दाखवा!" गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि हसायचं. कारण पत्ती माझ्या ठिपक्यांत पार हरवून जायची. "पाहुणे दारात उभे असले तरी घाबरायचं कारण नाही," दुकानदार म्हणायचा. "यावर सांडलेलं दिसतच नाही." त्याने माझं नावच लबाड ठेवलं होतं. मला ते नाव आवडायचं.

दुकानात निवडलेला दगड घरच्या उजेडात वेगळा दिसतो. म्हणून लोक दोन-तीन नमुने घरी नेतात, कपाटांच्या रंगाशी लावून बघतात आणि मग ठरवतात. असा मी पिशव्यांतून पुष्कळ घरी फिरलो. लोकांनी माझ्यावर लिंबं पिळली, तेल ओतलं, तापलेले तवे ठेवले. एका घरी तर नवराबायकोने माझ्यावरून आणि एका पांढऱ्या संगमरवरावरून अबोला धरला. शेवटी मीच जिंकलो. डाग दिसत नाहीत म्हटलं की सगळ्यांची भांडणं मिटतात.

मग एक दिवस एका मुलाने आणि त्याच्या बायकोने मला घरी नेलं. त्यांच्या ओट्याला सिंकपाशी तडा गेला होता. पाणी झिरपून खालची लाकडी कपाटं कुजली होती, म्हणून सगळं स्वयंपाकघरच नवं करायचं होतं. जुना ओटा साध्या काळ्या दगडाचा होता, वापरून वापरून निस्तेज झालेला. मला आणि आणखी दोन नमुन्यांना त्याच्यावरच मांडून ठेवलं. खरं सांगतो, त्या कळकट म्हाताऱ्याशेजारी बसताना मी जरा नाक मुरडलं.

त्या घरात मुलाची आई होती. पुढे दुकानदार त्यांना मावशी म्हणाला, म्हणून मीही मावशीच म्हणतो. घरचा स्वयंपाक अजून त्याच करत. सून नोकरीवरून येईपर्यंत भाजी शिजलेली असे आणि कोणी मदतीला गेलं तर मावशी म्हणत, "माझ्या पायात पायात येऊ नका." मुलाने त्यांना विचारलं, "आई, तुला कुठला आवडला?" मावशी म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल तो घ्या. मला काय, सगळे सारखेच." मुलाला आणि सुनेला मी पसंत पडलो होतो. मला त्यात नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मावशी एकट्या होत्या. त्यांनी आपली रोजची गोळी माझ्यावर ठेवली आणि हात मागे घेतला. मग ती उचलायला गेल्या. बोटं गोळीच्या डावीकडे गेली, मग उजवीकडे. त्यांनी मान तिरकी केली, चेहरा माझ्या अगदी जवळ आणला, तरी त्यांना ती सापडेना. शेवटी तळहाताने सगळं चाचपल्यावर ती हाताला लागली. मग तीच गोळी त्यांनी जुन्या काळ्या ओट्यावर ठेवली आणि पटकन उचलली. पुन्हा ठेवली आणि पुन्हा उचलली. मग त्या तिथेच स्टुलावर बसल्या. "आता कळणार सगळ्यांना," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला पहिल्यांदाच माझ्या ठिपक्यांची लाज वाटली.

मावशींची नजर जात चालली होती, मित्रांनो, आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी त्यांनी ती गोष्ट झाकून ठेवली होती. ती मूठ उघडायला मी निमित्त झालो.

रविवारी सकाळी दुकानात जाऊन लादी नक्की करायची होती. त्याआधी सुनेने शेवटची परीक्षा म्हणून माझ्यावर लिंबू कापलं. डाग पडतो का ते बघायला फोडी तशाच ठेवल्या, सुरीही माझ्यावरच राहिली आणि ती हात धुवायला वळली. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, हात तरी लावून बघ. किती गुळगुळीत आहे!" मावशींनी हात पुढे केला. त्यांचा तळवा सरळ सुरीच्या पात्यावर पडला.

जखम फार खोल नव्हती, पण रक्त आलं. सुनेने नळाखाली हात धरला, वर फडकं बांधलं. मुलगा मात्र माझ्याकडे बघत उभा राहिला. एवढी हातभर लांब सुरी आईला दिसली नाही, हे त्याच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. माझ्यावर सांडलेलं रक्तही ठिपक्यांत मिसळून गेलं होतं आणि त्यालाही ते शोधावं लागत होतं.

"आई, तुला दिसत नाही का?"

मावशी स्टुलावर टेकल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. डोळ्याच्या आतला पडदा झिजत होता, चष्मा बदलून उपयोग नव्हता. आहे तेवढी नजर थोडी वर्षं पुरेल आणि मग तीही जाईल, असं त्यांना सांगितलं होतं.

मुलाचा आवाज चढला. मला वाटतं, तो घाबरला होता. "मग आजपासून तू गॅसजवळ जायचं नाही. बस झालं! जन्मभर केलंस, आता आराम कर."

"हेच," मावशी म्हणाल्या, "हेच ऐकायला लागू नये म्हणून मी तोंड शिवून बसले होते. आराम कर म्हणतोस. अरे, सकाळी उठून मी करू काय, ते तरी सांग."

"आणि उद्या पदर पेटला म्हणजे?"

सुनेने फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधली आणि विचारलं, "आई, मग इतके दिवस तुम्ही सगळं कसं करत होता?"

"जुन्या ओट्यावर दिसतं गं मला. काळ्यावर ताट दिसतं, कांदा दिसतो, सुरी चमकते. पीठ सांडलं तर तेही दिसतं. या नव्यावर सगळं मिसळून जातं. तुम्ही दोघं खूश होता, म्हणून मी बोलले नाही."

सून नवऱ्याकडे वळली. "इतक्या वर्षांत यांचा हात कधी कापला? आज कापला तो आपण आणलेल्या दगडावर. आपण यांना स्वयंपाकघरातून काढायला निघालो आणि काढायचा आहे तो हा दगड."

मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला ते पटलं होतं की नाही, मला कळलं नाही. थोड्या वेळाने त्याने मला पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "आई, चप्पल घाल. तूच चल दुकानात."

मावशी घरून एक पांढरं ताट घेऊन निघाल्या. दुकानात त्यांनी दुकानदाराला लाद्या आडव्या टाकायला लावल्या आणि एकेका लादीवर ताट ठेवून, दोन पावलं मागे सरून पाहिलं. एक काळी लादी आरशासारखी चकचकीत होती. "ही नको," त्या म्हणाल्या, "हिच्यात तुमचे दिवेच दिसतात." शेवटी एक बिनचमकीची काळी लादी निघाली. कोपऱ्यात पडून होती, कोणी विचारत नव्हतं. मावशींनी ताट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

दुकानदाराला राहवेना. "मावशी, हिच्या नादी लागू नका. हिच्यावर पिठाचा कण न् कण दिसतो. पुसून पुसून जीव जाईल."

"तेच तर पाहिजे मला," मावशी म्हणाल्या.

मुलाने मला पिशवीतून काढलं आणि परत केलं. दुकानदाराने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हा ठेवा तुमच्याकडेच. कालच निरोप आला, याची खाण बंद पडली, आता माल येणार नाही. मी तरी टाकूनच देणार होतो." मित्रांनो, इतकी वर्षं ज्याने माझे गोडवे गायले, त्याच्या तोंडून हे ऐकताना काय वाटतं, ते कसं सांगू? पण मावशींनी मला त्या काळ्या लादीवर ठेवलं आणि मान तिरकी करून पाहिलं. "हा मात्र छान दिसतो हं," त्या म्हणाल्या. "गरम भांडं ठेवायला होईल."

तेव्हापासून मी त्यांच्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी आहे. काळ्यावर करडा चौकोन. मावशी भांडं उतरवत आणि न चुकता माझ्यावर ठेवत. मुलगा पहिले काही महिने स्वयंपाकघराच्या दारात पहारेकऱ्यासारखा उभा असे. मग ओटा फार डागाळतो म्हणून कुरकुर करू लागला आणि मग कुरकुर करत स्वतःच पुसू लागला. अशी वर्षं गेली. चांगली गेली.

नजर मात्र जायची तशी जातच होती. एका सकाळी मावशींनी पांढरं ताट समोर ठेवलं आणि भाजीकडे वळल्या. पुन्हा वळल्या तेव्हा त्यांना ते दिसलं नाही. काळ्यावरचं पांढरं ताट! त्यांचा हात दगडावरून सरकत गेला आणि बोटं ताटाच्या कडेला लागली. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी गॅस बंद केला, बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि हाक मारली, "सूनबाई, ये गं. आजपासून तू कर. मी इथे स्टुलावर बसते आणि सांगते."

मुलगाही आला. त्याने स्टूल ओढून आईला बसायला दिलं. कोणी मावशींना बाजूला हो म्हटलं नव्हतं. त्या आपल्या आपण बाजूला झाल्या. दगड असूनही मला त्या दिवशी भरून आलं.

आता त्या स्टुलावर बसून शेंगा सोलतात आणि वासावरून मीठ कमी आहे म्हणतात. बहुतेक वेळा ते खरं निघतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात नवं काही आणाल तेव्हा, जो ते रोज वापरणार आहे त्याला विचारा, आणि "मला काय, सगळं सारखंच" म्हणाला तर पुन्हा विचारा. त्याने मनातली अडचण सांगितली, तर घाबरून त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. एकदा काढून घेतलंत, तर तो पुन्हा कधी तुम्हाला खरं सांगणार नाही.