हळू, हळू, माईक चेक

मित्रांनो, उंब्रजच्या गुंडा साउंडवाल्याचा जुना माईक तो मीच. माझी जाळी चेपली आहे आणि मानेपाशी वायर सैल झाली आहे. मला सारखी एकच भीती वाटते. ऐन बोलण्यात मी मुका पडलो तर?

लग्नं, बारशी, निवडणुका, सगळीकडे मी गेलो. हातात आलो की माणसं मला टकटक मारत, फू फू करत. प्रत्येक टकटकीला मी दचकत असे.

फक्त गुंडाची बायको साळूबाई मारत नसे. लोक 'हॅलो, हॅलो' म्हणतात ते तिला 'हळू, हळू' ऐकू आलं होतं. यंत्र नाजूक, म्हणून आधी तसं बजावतात, असा तिचा समज. मला फडक्यानं पुसून ती म्हणायची, "हळू, हळू, माईक चेक."

"आगं, हॅलो हाय ते!" गुंडा हसायचा.

"आसंल. तुमी हॅलो म्हना. मी हळूच म्हननार."

गेल्या वर्षी साळूबाई वारली. गुंडानं धंदा बंद केला. मी पेटीत अंधारात पडून राहिलो.

यंदा त्यांची मुलगी मयूरी गावच्या यात्रेत गाणार होती. रॅप आणि रॉक एकत्र करून तिनं गाणं बांधलं होतं. गिटारीवर तिचा मित्र साईराज होता. तिनं मला पेटीतून काढलं.

"त्यो नको. त्याची वायर गेलीया," गुंडा म्हणाला.

"आईचा माईक हाय, आबा. ह्योच."

दुपारी स्टेजवर यात्रा कमिटीचे आप्पासो आडवे आले. "पोरीच्या जातीनं हळू बोलावं. म्हन एकदाचं. पन आवाज बंद पडला की खाली उतरायचं. दुसरा माईक मिळायचा न्हाई."

म्हणजे सगळं माझ्या सैल वायरीवर आलं. मला स्टँडवर चढवलं.

मयूरी वाकली. "हळू, हळू, माईक चेक."

साउंडच्या मशीनपाशी बसलेल्या गुंडानं मान वर केली. तेवढ्यात गिटार कडाडली.

"हळू बोल, हळू हस, हळू चाल सांगता,
पडले तरी उठते मी, पाडा की, किती पाडता!"

दुसऱ्या कडव्याला वायर सुटली. मी मुका पडलो.

"उतर खाली!" आप्पासो ओरडले.

मयूरी उतरली नाही. फळ्यांवर पाय आपटत तशीच गात राहिली. पण नुसत्या गळ्याचा आवाज मागच्या रांगांपर्यंत जाईना. लोक उठू लागले.

तेव्हा गुंडा स्टेजवर आला. त्यानं माझी मान गच्च पकडली आणि वायर दोन बोटांत दाबली.

"हळू, आबा!" मयूरी म्हणाली, आणि ते सगळ्या यात्रेला ऐकू गेलं. बायका हसल्या. उठलेले लोक खाली बसले.

"म्हन तू. मी धरतो," गुंडा म्हणाला.

गाणं संपेपर्यंत त्यानं वायर सोडली नाही. त्याची बोटं कापत होती. तोवर मला वाटत होतं, घाबरणारा मी एकटाच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला नवी वायर जोडली. तरी माझी भीती गेलेली नाही. जोडलेलं पुन्हा सुटू शकतं. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. मला हातात घ्याल तेव्हा हळू घ्या. आणि माझ्यापुढे जी कोणी उभी राहील, तिला हळू बोल म्हणून सांगू नका.