पांढरीवरचा उंबरा

दिवाळी सरली आणि ट्रकांत बसून अख्खी गल्ली उसाला गेली. तिकडं कारखान्याची चिमणी पेटली, इकडं चुली विझल्या. दिवसाची गल्लीत उरायची ती म्हातारी चतुराबाई आणि दारादारावरची कुलपं.

"आत्याबाई, उंबरा तेवढा सारवीत जावा," सून शिवकन्या जाताना म्हणाली होती. सारवला उंबरा म्हणजे घर जितं. म्हणून चतुराबाई आपल्यासोबत उसाला गेलेल्या घरांचे उंबरेही सारवी आणि गुणगुणे:

उंबऱ्या माझ्या दादा, नको सुकूस उन्हात
ल्योक गेला उसावरी, जीव ठेवून दारात

दुष्काळानं जनावरं छावणीत गेलेली. शेणाचा पोहसुद्धा नशिबानं मिळायचा.

गावामागं पांढरी होती, शेकडो वर्षांमागं उठून गेलेलं गाव. सरकारनं ती खणून, तारेचं कुंपण घालून जपलेली. राखणीला चतुराबाईच्या समोरच्या घरातला शहादेव. त्याचीही बायको उसावर. चतुराबाई दुपारची तिथं जाऊन बसे. बोलायला दुसरं होतं कोण?

तिथं एका घराचा दगडी उंबरा निघाला होता, पायांनी मधोमध झिजलेला.

"कुठं गेली रं ही मान्सं?"

"कुनाला ठावं? दुष्काळ पडला आसंल."

"परत यायचं म्हनूनच गेली आसतील," चतुराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हाताला राहवलं नाही. शहादेवनं बघितलं तर उंबरा ओलाकंच सारवलेला.

"मावशे, येडी झालीस का? उद्या सायेब येनार हायत! नोकरी घालवतीस व्हय माझी?"

"लई कोरडा दिसला रं. बघवंना."

"त्या घरला आता कोन यायचंय?"

चतुराबाई उंबऱ्याशी खाली बसली. शहादेवनं आपलं प्यायचं पाणी दगडावर ओतलं. तिनं बोटांनी शेण खरवडलं, पदरानं दगड लख्ख पुसला. शेण मात्र टाकलं नाही. घमेल्यात भरून घेतलं.

"आता तारंच्या आत येऊ नगंस," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

दिवेलागणीला शहादेव घरी आला. समोरच आपल्या दारात चतुराबाई बसलेली. तिचा उंबरा आज कोरडाच होता. शहादेव कुलपाला हात घालायला वाकला आणि थबकला. बायको गेल्यापासून कोरडा पडलेला त्याचा उंबरा ओला होता. शेणात पांढरीची माती मिसळलेली.

त्यानं वहाणा काढल्या, ओल्यावर पाय न देता लांब टांग टाकून आत गेला. आतून आवाज नाही, दिवा नाही. आलात का, म्हणून विचारायला त्या घरात कोणी नव्हतं.

मग चतुराबाईनंच गल्लीपलीकडून हाक घातली, "आलास का रं?"

मग अंधारातून उत्तर आलं, "आलो, मावशे."